ड तुकडीचा हेडमास्तर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. शाळेच्या आठवणी लिहाव्यात त्या अ तुकडीतल्यांनी. त्यांच्याकडे बक्षिसं आहेत, फलकावर नावं आहेत, सरांनी पाठ थोपटल्याच्या गोष्टी आहेत. आम्ही १९७९ च्या दहावीतले ड तुकडीवाले. आमचा वर्ग मुख्य इमारतीत नव्हताच. मागे पाण्याच्या टाकीजवळ पत्र्याची शेड होती, तिथे आम्ही बसायचो. पावसाची सर आली की फळ्यावरचं दिसायचं पण शिकवलेलं ऐकू यायचं नाही. उन्हाळ्यात दुपारच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. याबद्दल तेव्हा आमची काही तक्रार नव्हती. ड तुकडी म्हणजे शेड, हे आम्हीही धरून चाललो होतो आणि आमच्या घरचेही.

म्हणून मी ठरवलं की स्वतःच्या आठवणी बाजूला ठेवाव्यात आणि एका हेडमास्तरांची गोष्ट सांगावी. आपल्या शाळेशी त्यांचा काही संबंध नाही. ते इंग्लंडातले, आणि त्यांना जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. त्यांचं नाव एडवर्ड थ्रिंग. इंग्लंडातल्या शाळांच्या इतिहासात रग्बी शाळेच्या टॉमस अर्नल्डनंतर ज्यांची नावं आदराने घेतली जातात, त्यांत हे एक मोठं नाव. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

माझी मुलगी लेस्टरला नोकरीला आहे. निवृत्तीनंतर आम्ही उभयता तिच्याकडे तीन महिने राहून आलो. मुलगी-जावई कामावर गेले की दिवस खायला उठायचा. मग मी बसचा पास काढून आजूबाजूची गावं बघायला सुरुवात केली. लेस्टरच्या पूर्वेला रटलंड नावाचा चिमुकला परगणा आहे, त्यात अपिंगहॅम हे गाव. एक बाजारचौक, दगडी घरं, मधोमध चर्च. त्या गावाच्या मानाने शाळा एवढी पसरलेली की गावात शाळा आहे की शाळेत गाव, हे चटकन कळू नये. चर्चच्या आवारात एक जुनी, बसकी दगडी वास्तू आहे. तिच्या भिंतीवर लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांत अक्षरं कोरलेली आहेत. हीच मूळची शाळा. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या धर्माधिकाऱ्याने ती १५८४ साली काढली. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून शेहेचाळीस वर्षं होती.

त्याच आवारात थ्रिंग यांना पुरलं आहे, हे तिथे कळलं. एका हेडमास्तरांचं नाव गावात इतक्या आपुलकीने का घेतात, या कुतूहलाने मी मुलीकरवी वाचनालयातून पुस्तकं मागवली. परतायच्या दिवसापर्यंत तीच वाचत बसलो होतो.

थ्रिंग यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८२१ चा. सॉमरसेट परगण्यातलं अल्फर्ड हे गाव, वडील तिथले धर्मगुरू आणि जमीनदारही. घर सुखवस्तू आणि हुशार. एक भाऊ हेन्री पुढे पार्लमेंटच्या कायद्यांचे मसुदे लिहिणारा नामांकित कायदेपंडित झाला, दुसऱ्या गॉडफ्रीने रचलेली भक्तिगीतं चर्चमधून गायली जाऊ लागली. अशा घरातल्या मुलाचं शाळेत कौतुक झालं असेल असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना इल्मिन्स्टरच्या एका शाळेत ठेवलं. तिथला जाच आणि कोंडलेपण ते पुढे साठाव्या वर्षीही विसरले नव्हते.

तिथून ते ईटनला गेले. ईटन म्हणजे इंग्लंडातली सगळ्यात मानाची शाळा, पण थ्रिंग होते ते शिष्यवृत्तीवरच्या मुलांत. या मुलांना रात्री एका लांबलचक दालनात झोपावं लागे. पन्नासएक मुलं, दोन्ही बाजूंना खाटा, आणि रात्री बाहेरून कुलूप. आत एकही मोठा माणूस नाही. थोरल्या मुलांनी धाकट्यांना राबवावं, बदडावं, त्यांचं अन्न पळवावं, आणि सकाळी कुलूप उघडलं की कुणी काही बोलू नये. थ्रिंग स्वतः धडधाकट आणि हुशार होते, त्यामुळे ते तगले. शाळेच्या मुलांचे प्रमुखही झाले. पण जे तगले नाहीत ते त्यांच्या डोळ्यांसमोर राहिले. मुलांना असं कोंडून द्यायचं आणि मग ती वाईट वागतात म्हणून त्यांना मारायचं, यातला अन्याय त्यांना तिथे उमगला. शाळेच्या भिंती मुलांना घडवतात किंवा बिघडवतात, हा त्यांचा पुढचा सगळा विचार त्या दालनातून निघालेला आहे असं मला वाटतं.

ईटनहून ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. त्या काळी या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची परीक्षा न देताच पदवी मिळण्याचा जुना हक्क होता. हा हक्क सोडून द्यावा, असं जाहीरपणे मांडणाऱ्यांत थ्रिंग होते. स्वतःच्या फायद्याचा नियम मोडून काढायला निघालेला तरुण शिक्षक म्हणून कसा निघेल, याचा अंदाज तिथेच यावा.

पण शिकवायला ते कुठे शिकले? केंब्रिजमध्ये नाही. १८४६ साली धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यावर ते ग्लॉस्टर शहरात साहाय्यक धर्मगुरू म्हणून गेले आणि तिथल्या गरिबांच्या प्राथमिक शाळेत शिकवू लागले. समोर मजुरांची पोरं. त्यांच्यापुढे लॅटिनचा काही उपयोग नव्हता. आपल्याला येतं ते या मुलांपर्यंत पोचत नाही, हे पहिल्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सोप्या शब्दांचा, प्रश्नांचा, हातात येणाऱ्या वस्तूंचा मार्ग धरला. मुलाला समजलं नाही तर चूक आपली, मुलाची नाही, हा धडा आपण त्या वर्गात घेतला, असं ते जन्मभर सांगत राहिले. एवढ्या मोठ्या शिक्षकाने आपले गुरू म्हणून गरीब वस्तीतल्या पोरांची आठवण ठेवावी, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

१८५३ च्या सप्टेंबरात ते अपिंगहॅमचे हेडमास्तर झाले. वय बत्तीसच्या आत. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. पत्नी मारी कोख जर्मनीतल्या बॉनची. शाळेत तेव्हा जेमतेम पंचवीस मुलं होती. एक जुनी वास्तू, तुटपुंजा निधी आणि पैसा खर्च करायला नाखूश असलेलं विश्वस्त मंडळ, एवढं त्यांच्या हाती आलं. पुढची चौतीस वर्षं ते तिथून हलले नाहीत.

आता त्यांनी काय केलं ते सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण शिक्षक आहेत, काही संस्थाचालकही आहेत.

त्यांचा पहिला नियम असा की हुशार मुलाइतकंच लक्ष ढ मुलाकडे गेलं पाहिजे. शाळेने मुलाला दाखल करून घेतलं, फी घेतली, म्हणजे त्याला शिकवण्याचं वचन दिलं. तो मंद आहे म्हणून मागे बसवला तर ते वचन मोडलं. चार हुशार मुलं विद्यापीठात चमकली म्हणून शाळा चांगली ठरत नाही. सगळ्यात मागच्या मुलाचं काय झालं ते विचारा, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडातल्या मोठ्या शाळा तेव्हा शिष्यवृत्त्यांच्या आकड्यांवर नावाजल्या जात, हे लक्षात घेतलं की या म्हणण्याची धग कळते.

दुसरा नियम, प्रत्येक मुलाला काहीतरी येतंच. ते काय येतं हे शोधून काढणं शाळेचं काम. सकाळी लॅटिन, ग्रीक, गणित हे नेहमीचे विषय चालत. त्यात ते जुन्या वळणाचेच होते. दुपारी मात्र शाळेचं रूप पालटे. सुतारकाम, धातुकाम, चित्रकला, संगीत, रसायनशास्त्र, फ्रेंच, जर्मन. मुलांना स्वतःच्या बागा होत्या. १८५९ साली त्यांनी व्यायामशाळा बांधली. इंग्लंडातल्या या प्रकारच्या शाळांतली ती पहिली मानतात, आणि तिच्यासाठी खास जर्मन शिक्षक आणला. संगीताला तर त्यांनी असं स्थान दिलं की लोकांनी भुवया उंचावल्या, कारण सभ्य घरच्या मुलाने वाजवत बसणं तेव्हा कमीपणाचं समजत. गंमत म्हणजे थ्रिंग यांना स्वतःला संगीताचा कान नव्हता. १८६५ साली त्यांनी पाउल डेव्हिड यांना संगीत शिक्षक नेमलं. यांचे वडील लाइपझिगचे प्रख्यात व्हायोलिनवादक, ज्यांच्यासाठी मेंडेल्सझोनने आपली व्हायोलिनची रचना केली. पाउल डेव्हिड चाळीसहून जास्त वर्षं त्या खेड्यावजा गावात संगीत शिकवत राहिले आणि त्यांच्या ओळखीमुळे योआखिमसारखा जगप्रसिद्ध वादक मुलांपुढे वाजवायला येऊ लागला.

तिसरा नियम भिंतींचा. चांगला शिक्षक आज आहे, उद्या नसेल. भिंत मात्र रोज शिकवते, असं त्यांचं मत होतं. म्हणून प्रत्येक मुलाला अभ्यासाची स्वतःची खोली दिली. अगदी एवढीशी, पण दार लावून घेता येईल अशी. झोपण्याच्या दालनात प्रत्येक खाटेभोवती लाकडी आडोसा उभारला, की रात्री घरच्या आठवणीने रडू आलं तर मुलाला कुणी बघू नये. ईटनच्या त्या दालनाचं हे उत्तर होतं. एका वसतिगृहात तीसच्या आसपासच मुलं, म्हणजे तिथल्या गृहपालाला प्रत्येकाची ओळख राहील. वर्गही लहान. शाळेत एकूण सुमारे तीनशे मुलं झाल्यावर त्यांनी आणखी प्रवेश देणं थांबवलं. दाराशी पालक उभे असताना आणि डोक्यावर कर्ज असताना नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण ज्याचं नाव आणि स्वभाव मला माहीत नाही त्याला मी शिकवतो असं कसं म्हणू, हा त्यांचा प्रश्न होता. वर्गखोल्या देखण्या असाव्यात, भिंतींवर चित्रं असावीत, यावरही त्यांचा कटाक्ष. जागा घाणेरडी दिली की मुलं ती आणखी घाण करतात, आणि चांगली दिली की जपतात, हे त्यांनी करून दाखवलं. जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामवंत वास्तुकाराकडून त्यांनी मोठं सभागृह आणि प्रार्थनामंदिर बांधून घेतलं. सभागृह १८६३ चं, प्रार्थनामंदिर १८६५ चं. दोन्ही आजही उभी आहेत. मी रस्त्यावरून पाहिली.

हा सगळा पैसा आला कुठून? विश्वस्तांकडून फार थोडा. वसतिगृहं बांधली ती शिक्षकांनी, स्वतःचे पैसे घालून आणि कर्ज काढून. मुलांच्या राहण्या-जेवणाच्या फीमधून ते पैसे हळूहळू फिटायचे. थ्रिंग यांचं स्वतःचं कर्ज तर आयुष्यभर पुरलं. त्यांच्या रोजनिशीत उमेदीच्या नोंदी आहेत तशा रात्र रात्र झोप न आल्याच्याही आहेत. बाहेर करारी दिसणारा हा माणूस आतून किती वेळा खचला होता हे त्यांच्या पश्चात, रोजनिशीतले उतारे छापले गेले, तेव्हा लोकांना कळलं.

ते देवमाणूस होते असं मी म्हणणार नाही. ते हेकट होते, सहकाऱ्यांशी आणि विश्वस्तांशी त्यांचे खटके उडत. छडीही वापरत, आणि ती त्यांना गैर वाटत नसे. शिवाय अपिंगहॅम ही ऐपतदार घरच्या मुलांची शाळा होती. ग्लॉस्टरच्या मजुरांची पोरं तिथे आली नसती. याची बोच त्यांना असावी. कारण १८६९ साली त्यांच्या शाळेने लंडनच्या पूर्वेकडल्या गरीब वस्तीत मदतकार्य सुरू केलं. एखाद्या शाळेने असं केंद्र चालवण्याची इंग्लंडातली ती सुरुवात होती. त्याच वर्षी सरकार शाळांच्या कारभारात हात घालू लागलं तेव्हा त्यांनी इतर हेडमास्तरांना अपिंगहॅमला बोलावलं. डझनभर आले. त्या बैठकीतून हेडमास्तरांची जी परिषद उभी राहिली ती आजतागायत चालू आहे.

इथवर गोष्ट चढत्या आलेखाची झाली. खरी परीक्षा पुढे होती, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

१८७५ च्या शरद ऋतूत शाळेत विषमज्वराची साथ आली. गावात मैलापाण्याच्या खड्ड्यांतली घाण विहिरींत झिरपत होती. मुलं आजारी पडू लागली, काही दगावली. नोव्हेंबरात शाळा बंद करून मुलांना घरी पाठवलं. दुरुस्त्या झाल्या, जानेवारीत मुलं परत आली, आणि थोड्याच आठवड्यांत ताप पुन्हा आला. गाव म्हणे दोष शाळेचा, शाळा म्हणे दोष गावाच्या गटारांचा. गावच्या आरोग्याची जबाबदारी असलेली मंडळी हालचाल करीनात, विश्वस्त निर्णय घेईनात.

थ्रिंग यांच्यापुढे पेच काय होता पाहा. शाळा उघडी ठेवावी तर मुलं मरतील. बंद करावी तर पालक मुलांना दुसऱ्या शाळांत घालतील आणि परत आणणार नाहीत. मुलं गेली की वसतिगृहांसाठी कर्ज काढलेले शिक्षक रस्त्यावर येतील. बावीस वर्षं जी भिंत त्यांनी वीट वीट करून उभी केली, तीच आता मुलांच्या जिवावर उठली होती. भिंतींवर एवढा विश्वास असलेल्या माणसावर भिंती सोडून जायची वेळ आली.

आणि ते गेले. मार्च १८७६ मध्ये त्यांनी ठरवलं की शाळा बंद करायची नाही, उचलायची. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर बोर्थ नावाचं कोळ्यांचं गाव होतं. एक लांब रस्ता, समोर समुद्र, मागे दलदल. आगगाडी येऊ लागल्यावर कुणीतरी तिथे मोठं हॉटेल बांधलं होतं. थ्रिंग यांनी ते हॉटेल आणि रस्त्यावरची भाड्याने मिळणारी घरं घेतली. खाटा, गाद्या, बाकं, पुस्तकं असा सगळा संसार आगगाडीने हलवला. तीनेक आठवड्यांत तयारी झाली, आणि ४ एप्रिल १८७६ ला सुमारे तीनशे मुलं आणि तीसेक शिक्षक, काही जण बायकामुलांसह, त्या परक्या गावात दाखल झाले. विश्वस्तांची आधी पूर्ण मंजुरी नव्हती, पैशांची हमी नव्हती. फसलं असतं तर सगळा दोष एकट्या थ्रिंग यांच्यावर आला असता.

मला उत्सुकता होती ती याची की तिथे मुलं टिकली का. टिकली. जवळजवळ सगळे पालक मुलांना बोर्थला पाठवायला तयार झाले. स्वतंत्र अभ्यासखोल्या नाहीत, व्यायामशाळा नाही, स्ट्रीट यांचं सभागृह नाही. हॉटेलच्या मागे लाकडी शेड उभारली, तिच्यात शाळा भरू लागली. शेड हा शब्द वाचला आणि मला आपली पाण्याची टाकी आठवली. पण फरक होता. त्या शेडमध्ये हेडमास्तर स्वतः मुलांबरोबर होते, आणि ती शेड अ तुकडीपासून शेवटच्या तुकडीपर्यंत सगळ्यांची होती.

१८७७ च्या जानेवारीत मोठं वादळ होऊन समुद्र बोर्थच्या रस्त्यात घुसला. घरांची पडझड झाली. तेव्हा शाळेची मुलं गावकऱ्यांच्या मदतीला धावली. एका वर्षात परकी मुलं गावची झाली होती. इकडे अपिंगहॅमचे डोळे उघडले. शाळा गेल्यावर दुकानं ओस पडली, आणि गावाला कळलं की गटारांवर वाचवलेला पैसा किती महागात पडला. गटारांची कामं झाली, चांगल्या पाण्याची सोय झाली. वर्षभराने, १८७७ च्या वसंतात शाळा परत आली तेव्हा ज्या गावाशी भांडण होतं त्याच गावाने कमानी उभारून मुलांचं स्वागत केलं.

त्यानंतर थ्रिंग आणखी दहा वर्षं जगले. शिकवण्याच्या कलेवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १८८३ साली आलं आणि अमेरिकेतही वाचलं गेलं. मुलींच्या शिक्षणाबद्दल हेडमास्तर मंडळी उदासीन असताना १८८७ च्या जूनमध्ये त्यांनी मुलींच्या शाळांच्या मुख्याध्यापिकांना अपिंगहॅमला परिषदेसाठी बोलावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच त्यांना बरं वाटेनासं झालं. आठवड्याच्या आत, २२ ऑक्टोबर १८८७ ला ते गेले. वय पासष्ट. रजा नाही, निवृत्ती नाही. शाळेतून उठले ते थेट अंथरुणावर.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक हार्डविक रॉन्सली. इंग्लंडातले डोंगर, तळी, जुन्या वास्तू जपण्यासाठी १८९५ साली जो नॅशनल ट्रस्ट निघाला, त्याच्या तीन संस्थापकांत ते होते. दुसरा ई. डब्ल्यू. हॉर्नंग, रॅफल्स या सभ्य चोराच्या गोष्टी लिहिणारा. पण ही नावं सांगताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. कारण थ्रिंग यांनीच विचारलं असतं, की ज्यांची नावं कुठेच आली नाहीत त्यांचं काय?

आता आपल्याकडे येतो. आमच्या ड तुकडीतला एक जण आज गावात फर्निचरचं दुकान चालवतो. मेळाव्याच्या मांडवातलं व्यासपीठ त्यानेच बांधलं आहे. शाळेत त्याला चार वर्षांत कुणी एकदाही फळ्यापाशी बोलावलं नाही. कार्यानुभवाच्या सरांनी मात्र एकदा त्याच्या हातात पटाशी दिली आणि मोडलेलं बाक नीट करायला सांगितलं. ते बाक त्याने दोन दिवसांत उभं केलं. त्या सरांना थ्रिंग हे नाव ठाऊक असेल असं वाटत नाही. पण तो दुसरा नियम त्यांना ठाऊक होता. सर आज हयात नाहीत. त्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं, आणि ते आम्ही सांगितलं नाही.

बाकीच्या गुरुजनांना मी दोष देत नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, वर जनगणना आणि निवडणुकीची कामं. तीनशेवर प्रवेश थांबवण्याची चैन आपल्या शाळेला कधी परवडणार नव्हती, आणि परवडू नये. दाराशी आलेलं प्रत्येक मूल आत घेणारी आपली शाळा आहे, याचा मला अभिमान आहे. पण आत घेतलेल्या मुलाला बसवायचं कुठे, एवढं तर आपल्या हातात आहे.

या मेळाव्यात निधी जमतो आहे. प्रवेशद्वारावर कमान असावी, त्यावर देणगीदारांची नावं असावीत, वातानुकूलित सभागृह असावं, अशा सूचना आल्याचं कानावर आलं. सूचना चांगल्या आहेत. मी मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. ती पत्र्याची शेड अजून आहे. तिच्यात अजून वर्ग भरतो. मी गेलो तेव्हा बाहेर पाऊस होता, आतल्या बाई घसा ताणून शिकवत होत्या, आणि शेवटच्या बाकावरची दोन मुलं पत्र्याकडे बघत होती.

माझी वर्गणी मी खजिनदारांकडे पोचवली आहे. पावतीवर उद्देश या रकान्यात त्यांनी इमारत निधी असं लिहिलं होतं. मी त्यांना ते खोडून टाकीजवळची शेड असं लिहायला लावलं. ज्यांना पटेल त्यांनीही तसंच लिहून घ्यावं, एवढी विनंती करून थांबतो.